भिंतीकडचा कोपरा

चार नंबरच्या खुर्चीवर आज एक टकला माणूस तोंड उघडं टाकून पडला होता, आणि मला आधी नुसता रागच आला. चार नंबर शिवणबाईंची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी एक ते पाच, या डायलिसिस केंद्रात गेली दोन वर्षं तीन नंबरवर मी आणि चार नंबरवर त्या. बसमधल्या आपल्या जागेवर दुसराच कुणी बसलेला दिसला की येतो तसला क्षुल्लक राग. ‘‘बाईंची खुर्ची कुणाला दिली?’’ मी सिस्टरला विचारलं. ती वजनाच्या वहीत तारीख घालत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘बाई वर आहेत. तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूत. काल पहाटे फुप्फुसात पाणी भरलं. घरातून उचलूनच आणलं त्यांना. चढा काका.’’ चढा म्हणजे काट्यावर चढा. मी चपला काढल्या आणि चढलो. चढल्यावर माझं खाली लक्ष गेलं. माझे दोन्ही पाय मागच्या बाजूला, भिंतीकडच्या कोपऱ्यात होते. मी ते तिथं ठेवले नव्हते. ऐकलेलं अजून डोक्यात पुरतं शिरलंही नव्हतं आणि पाय आपले आपण जाऊन उभे राहिले होते, दाव्याला बांधायच्या जागी गुरं जातात तसे. ‘‘एकसष्ट चारशे,’’ सिस्टरने वाचलं आणि वहीत लिहिलं. ‘‘शाबास. तुमच्यासारखे सगळे वागले तर माझी नोकरी सोपी होईल. बाईंनी बघा, पाणी ढोसून काय करून घेतलं.’’

मी उतरलो. खरं तर मी बासष्ट सातशे होतो.

हे मला कसं माहीत, तर तोच माझा धंदा होता. वजनमापे खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक. दुकानदार मला काटेसाहेब म्हणत, माझ्या पाठीमागे त्यातला ‘साहेब’ गाळत असावेत. नवशिके निरीक्षक प्रमाणित वजन काट्याच्या मधोमध ठेवतात, आकडा बरोबर आला की शिक्का मारून चहा पितात. मी चहा घेत नसे. मी वजन चारी कोपऱ्यांवर ठेवून बघत असे, कारण मधोमध सगळेच काटे सज्जन असतात. एका भुसार दुकानदाराने तर मी दारात दिसताच आतल्या माणसाला ओरडून सांगितलं होतं, ‘‘कोपरे पूस रे, कोपरे!’’ मला त्याचा अभिमान वाटला होता. मापात पाप करणाऱ्या माणसाची मला मनापासून, अगदी पोटातून किळस होती. चोर निदान भिंत चढतो, पडण्याचा धोका पत्करतो. काटा मारणारा मात्र समोरच्याच्या डोळ्यांदेखत, हसतमुखाने, त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करत मारतो. असं मी घरी जेवताना बायकोला सांगत असे आणि ती ‘‘भाजी घ्या’’ म्हणत असे.

या केंद्रातला काटा जमिनीवर ठेवायचा आहे, मोठ्या पाटाएवढा. झाडूपोछा करणारी बाई रोज तो पुसून पायाने भिंतीकडे सरकवते, आणि त्याची मागची कड भिंतीच्या फरशीच्या पट्टीला टेकते. त्या कोपऱ्यात उभं राहिलं की तुमचा थोडा भार काट्यावर न जाता भिंतीवर जातो. एक किलो तीनशे. चौदा महिन्यांपूर्वी एकदा तोल जाऊन मी मागे सरकलो आणि आकडा घसरलेला पाहिला. सिस्टरला सांगायला तोंड उघडलंसुद्धा होतं. काटा चार बोटं पुढे ओढला असता की संपलं. पण त्या दिवशी मी तोंड मिटलं, कारण आदल्या खेपेला मशीनने माझ्या अंगातून पावणेचार लिटर पाणी ओढलं होतं आणि शेवटच्या तासाला माझ्या दोन्ही पोटऱ्या पिळल्या गेल्या होत्या. नीट पिळल्या, म्हणजे धुतलेली चादर दोघी जणी दोन टोकांनी धरून पिळतात तशा. मूत्रपिंडं गेली की लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगातच साठतं. डॉक्टर प्रत्येकाचं एक ठरलेलं वजन लिहून देतो, माझं एकोणसाठ, आणि काटा त्याच्यावर जेवढं दाखवेल तेवढं मशीन चार तासांत खेचून काढतं. काटा कमी दाखवेल तर मशीन कमी खेचणार. पोटऱ्या शांत. उरलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घोट्यांना आणि फुप्फुसांना विचारायचा. माझं हृदय धडधाकट असल्यामुळे माझं भागलं. दोन उशा घेऊन झोपू लागलो, मोजे काढले की घोट्यावर वळ उठायचा, बस.

सिस्टरने हातात सुया घातल्या. नळ्यांमधून माझं रक्त बाहेर निघालं आणि मी नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की चार नंबर दिसते, म्हणजे आज तो टकला दिसला. त्याची जीभ पांढरी होती. आम्हा सगळ्यांचीच असते. या दुखण्याची कुणी थोरवी गाऊ नये. मला माझ्या तोंडाची किळस येते. सकाळी उठल्यापासून जिभेखाली जुनं नाणं धरल्यासारखी चव असते आणि श्वासाला मुतारीचा वास. जे खालून जायचं ते वरून येतं. अंगाला खाज सुटते ती कातडीच्या आत, जिथं नख पोचत नाही. डाव्या हातावर सुयांसाठी शीर जोडून केलेली गाठ दिवसरात्र घुरघुरते. नातीने एकदा तिला कान लावला आणि ‘‘आजोबांच्या हातात माशी आहे’’ म्हणून रडत आईकडे पळाली. आणि पाय. तळपायांत रात्रंदिवस एक आग, निखाऱ्यावर मीठ टाकल्यासारखी तडतडती. दुखण्यावरच्या साध्या गोळ्या आम्हाला चालत नाहीत, त्या गोळ्यांनीच उरलंसुरलं मूत्रपिंड जातं. डॉक्टर म्हणतो, ‘‘सहन करायला शिका.’’ हे तो बूट घातलेल्या पायांवर उभा राहून म्हणतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, फक्त मारणारा दिसत नाही.

या आगीवरची पुरचुंडी मला बाईंनी दिली. तेहतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेली बाई. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झालेली, तरी टाका असा बारीक की भिंग लावावं. दीड वर्षापूर्वी एका गुरुवारी मी खुर्चीत पाय घासत होतो, लाज सोडून, कुत्र्यासारखे, तेव्हा त्यांनी पर्समधून मलमलीची एक चिमुकली पिशवी काढली, सुपारीएवढी, चारी बाजूंनी टीप मारलेली. ‘‘संध्याकाळी अर्धा कप दुधात उकळायची. दुधाचं माप घरच्यांना दिवसाच्या पाण्यात धरायला सांगा. आणि त्यानंतर कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेऊ नका.’’ मी विचारलं, यात काय आहे. त्या म्हणाल्या, ‘‘पाला.’’ ‘‘कसला पाला?’’ ‘‘साहेब, तुम्ही अठ्ठावीस वर्षं सरकारात होतात. तुम्हाला नाव सांगून मी अडचणीत कशाला आणू?’’ गांजा होता. मी पिशवी खिशात टाकली आणि घरी जाईपर्यंत मला त्या खिशाचीच घाण वाटत होती. माझा एक चुलतमामा गंजेडी होता. बाहेरच्या खोलीत डोळे लाल करून बसलेला, आम्हा मुलांना बघून उगीच हसणारा. त्याच्या ताटाला आजी हात लावत नसे. आता मी त्याच्या रांगेत.

पण पायांची आग विझली. हे मला खोटं सांगता येणार नाही. दूध पिऊन तासाभराने मी पलंगावर बसलो होतो आणि काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं, शेजारच्या घरातली गिरणी बंद पडावी आणि ती इतका वेळ चालू होती हे तेव्हाच कळावं, तसं. मी तळपाय हातात घेतले. ते माझे होते आणि दुखत नव्हते. मी रडलो, बायकोने पाहिलं, आणि तीही रडली. नंतरच्या आठवड्यांत मात्र तिने रडणं सोडलं. दूध उकळलं की घरभर ओल्या, कुजत्या गवताचा वास सुटे. ती खिडक्या उघडी, पंखा लावी, आणि स्वतः जिन्यात जाऊन उभी राही. ते प्यायल्यावर मला भूक लागे, राक्षसी. एकदा तिने मला स्वयंपाकघरात उभ्याने जॅमच्या बरणीत बोटं घालताना पकडलं. पावाच्या सहा चकत्या मी आधीच संपवल्या होत्या आणि रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं, ते मला इतकं विनोदी वाटत होतं की बरणी धरून मी खुदखुदत होतो. ती दारातून म्हणाली, ‘‘अहो, तोंड पुसा.’’ एवढंच. तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. माझ्याच तोंडावरचं होतं, दुकानदारांसमोरचं. घसाही कोरडा पडे. बायको रोज सकाळी माझ्या वाट्याचं पाणी एका बाटलीत भरून टेबलावर ठेवते, आणि मी रात्री न्हाणीघरात दात घासायच्या निमित्ताने ओंजळीने प्यायचो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही स्वतःच्या घरात. हे मी फक्त बाईंपाशी कबूल केलं होतं. पण पुढच्या खेपेला काट्यावर ते दिसत नसे. तिथं माझा कोपरा होता.

तर बाईंनी मला पुरचुंड्या दिल्या, दर शनिवारी सात, आणि मोबदल्यात काही घेतलं नाही. ‘‘घरच्या परसात येतंय, आभाळाचं पाणी पितंय,’’ म्हणायच्या. फुकटचं घ्यायची मला सवय नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या पोटऱ्यांना गोळे आले. सिस्टर त्यांचा तळपाय छातीशी दाबून धरत होती आणि बाई ओरडत नव्हत्या, त्या मोठ्याने पाढे म्हणत होत्या. तेराचा पाढा. तेरा सत्तेला अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सगळे जण छताकडे बघत राहिले. पुढच्या खेपेला वजनाच्या रांगेत मी त्यांच्या मागे होतो. मी खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवत पुटपुटलो, ‘‘बाई, भिंतीकडच्या कोपऱ्यात उभ्या राहा. दोन्ही टाचा अगदी मागे.’’ ‘‘का?’’ ‘‘राहा म्हणतो ना.’’ त्या राहिल्या. आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. खुर्चीत बसल्यावर हळूच म्हणाल्या, ‘‘म्हणजे कापड ओढून मोजायचं.’’ ‘‘तसंच.’’ ‘‘ओढून मोजलेला झगा धुतला की आटतो हो साहेब.’’ मी म्हणालो, ‘‘धुऊच नका.’’ दोघंही हसलो. त्या दिवशी त्यांना गोळा आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मला काय आनंद झाला होता! कुणालातरी आपल्या कामाचं काही देता आलं म्हणून मी घरी बायकोसाठी फुलं घेऊन गेलो होतो.

आता मशीन घरघरत होतं आणि मी हिशेब नव्हे, पण उलटतपासणी करत होतो. ती करायला मी सरावलेला आहे. बाईंचं हृदय कमजोर आहे हे तुम्हाला माहीत होतं काय? होतं. त्यांनीच सांगितलं होतं, हसत, ‘‘डॉक्टर म्हणतात हृदय तीस टक्के चालतं. आमच्या शाळेत पस्तिसाला पास. म्हणजे मी नापासच, वरच्या वर्गात ढकललेली.’’ जास्तीचं सव्वा किलो पाणी तसल्या हृदयाला झेपणार नाही, हे तुम्हाला कळत होतं काय? सिस्टर टकल्याचा रक्तदाब बघायला आली होती, मी तिला विचारलं, बाईंच्या घरचे काय म्हणतात. ती खुलून सांगू लागली. बाईंच्या मुलीला कपाटात बिस्किटाचा डबा सापडला, त्यात तसल्या पिशव्या. तिने तो डबाच डॉक्टरांपुढे आणून आपटला. डॉक्टर म्हणाले, असली घाण घेतली की घसा कोरडा पडतो, माणूस चोरून पाणी पितो, वहीत वजन ठीक दिसतंय म्हणजे गुरुवारनंतरच प्यायल्या, बादलीभर. ‘‘गांजा हो काका! शिवणबाई!’’ सिस्टरने गालावर हात मारून घेतला. ‘‘म्हातारपणी काय एकेक थेरं.’’ मी म्हणालो, ‘‘खरंच.’’

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते लपवायचं नाही. कुणीतरी गुन्हेगार सापडला होता, तो डब्यात होता, त्याला वास होता, त्याचं नाव ऐकून लोक गालावर हात मारत होते. मीही त्याच्यावर ढकलून बघितलं. म्हटलं, त्या पाल्यानेच माझी बुद्धी मंद झाली, माझी शिस्त गेली, नाहीतर मी असं करणारा माणूस नव्हे. पण ते वजनात भरेना. पाला मी संध्याकाळी घेत असे. बाईंना कोपरा दाखवला तेव्हा दुपारचा एक वाजला होता, माझं तोंड स्वच्छ होतं, डोकं स्वच्छ होतं, मी इतका शुद्धीवर होतो की कुणी बघत नाही ना हे पाहून मगच बोललो होतो. आणि स्वतःसाठी कोपरा मी शोधला तेव्हा तर पुरचुंडी येऊन चार महिने झाले होते. दोन तळपाय शांत असलेला, झोप झालेला, सुखी माणूस होतो मी. त्या पाल्याने आम्हा दोघांचं काहीही वाईट केलं नव्हतं. त्याने फक्त दुखणं थांबवलं होतं. बाकी जे होतं ते माझं होतं. माझ्या तोंडात तो नाण्याचा रस साचला, मी सिस्टरकडे भांडं मागितलं आणि थुंकलो, पुन्हा थुंकलो.

मी ठरवलं. पाचला सुया निघाल्या की वर जायचं आणि मुलीला, डॉक्टरला, जो असेल त्याला सांगायचं. हात दाखवून अवलक्षण झालं तर होऊ दे. सांगितलं नाही तर बाईंच्या माथी गांजा लागणार, चोरटेपणा लागणार, आणि त्यांच्याही पायांच्या आगीवरचं एकमेव औषध कायमचं जाणार. मी वाक्यसुद्धा तयार केलं, खात्याच्या अहवालातल्यासारखं: ‘दोष काट्यात आहे, तो मला चौदा महिने माहीत आहे, आणि बाईंना तिथं मी उभं केलं.’ तीन तुकडे, एकही पाल्हाळ नाही. लिफ्टमध्ये मी ते दोनदा म्हटलं. लिफ्टच्या आरशात दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखाली पाणी लोंबत होतं.

बाई जाग्या होत्या. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, केस मोकळे. त्यांचे केस मी मोकळे कधी पाहिले नव्हते आणि पाहू नयेत असं वाटलं. मुलगी खाटेशी उभी होती, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र तसंच. मला पाहून म्हणाली, ‘‘तुम्ही तीन नंबरचे काका ना? आई तुमचं फार सांगते.’’ मग दोन पावलं पुढे येऊन, खालच्या आवाजात, ‘‘काका, मला एकदा खरं सांगा. तिथं काय चाललं होतं? दोन महिने ती घरी म्हणतेय, आता माझ्या पोटऱ्या दुखत नाहीत, मला बरं वाटतंय. मी सगळ्यांना सांगत सुटले, आई सुधारतेय म्हणून. काय होतं ते?’’

मी तोंड उघडलं. पहिला शब्द ओठांवर आला होता, ‘दोष’. तेवढ्यात बाईंनी हात वर करून मुखवटा बाजूला केला. ‘‘पाणी प्यायले गं मी,’’ त्या म्हणाल्या. आवाज फाटलेला. ‘‘चोरून. न्हाणीघरात जाऊन, ओंजळीने.’’ त्यांनी हे माझ्याकडे बघत म्हटलं. त्यांचे डोळे अगदी शांत होते. शाळेत परीक्षक यायच्या आदल्या दिवशी कच्च्या मुलींचे वेडेवाकडे टाके उसवून बाई स्वतः घालून देत, असं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं. मुलीने कपाळावर हात मारला. ‘‘बघितलंत? मी काय मेलेय का घरात? मला सांगायचं नाही? तो डबा मी कचऱ्यात टाकलाय, आई, आणि परसातलं सगळं मुळासकट उपटून टाकायला सांगितलंय. आता एक थेंब जास्त नाही आणि एक पान नाही.’’ चादरीखाली बाईंचे तळपाय एकमेकांवर घासू लागले होते. मुलगी तिकडे बघत नव्हती. मी बघत होतो.

‘‘काका, तुम्हीच सांगा तिला,’’ मुलगी माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. ‘‘तुमचं ऐकेल ती. सिस्टर सांगत होत्या, सगळ्या केंद्रात तुमच्याइतकं शिस्तीचं कुणी नाही. तुमचं वजन कधी वाढत नाही.’’

अजूनही वेळ होता. वाक्य तीनच तुकड्यांचं होतं. मी घसा खाकरला.

‘‘बाई,’’ मी म्हणालो, ‘‘पाणी मोजून प्यायला हवं. माणसाचा जिभेवर ताबा हवा.’’ तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता, आणि तो थांबेना. ‘‘आपण चोरून प्यायलं तरी काटा काही खोटं बोलत नसतो.’’

बाईंनी मान हलवली. ‘‘हो साहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘चुकलं माझं. पुन्हा नाही करणार.’’